डेलमार व्हॉसबर्गचा अंदाज

मर्टन काउंटीत कोण कुणाला मत देणार हे मतदाराच्या आधी डेलमार व्हॉसबर्गला कळतं, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. डेलमार मात्र ते चेष्टेवारी नेत नसे. चौतीस वर्षं तो ऑर्डवे गावातल्या सहकारी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर होता. मक्याचा किंवा सोयाबीनचा ट्रक काट्यावर चढला की आकडा स्थिर व्हायला मिनिट-दोन मिनिटं जात. तेवढ्यात डेलमार खिडकीतून मान बाहेर काढून ट्रकमधल्या शेतकऱ्याला बोलतं करायचा. आधी पाऊस, मग डुकरांचे भाव, मग हळूच, "या नव्या गव्हर्नरचं काय वाटतं रे तुला?" कुणी शिवी हासडायचा, कुणी खांदे उडवायचा, कुणी नुसताच रेडिओचा आवाज वाढवायचा. डेलमारला तेवढं पुरे.

काउंटीतल्या अकराच्या अकरा टाउनशिप्स, म्हणजे गावागावांचे गट, त्याला पाठ होत्या. उत्तरेचे झेक कॅथलिक आजोबा-पणजोबांपासून डेमोक्रॅट. पश्चिमेचे डच चर्चवाले डोळे मिटून रिपब्लिकन. ऑर्डवेत धुलाई यंत्रांच्या कारखान्यातले युनियनवाले एकीकडे, जमीनवाले दुसरीकडे. आणि मधोमध पसरलेले लुथरन पंथाचे लोक, ज्यांचा काही नेम नाही. निवडणूक फिरायची ती या लुथरनांवर. डेलमार स्वतः लुथरनच, पण नेम असलेला. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून त्यानं रिपब्लिकन सोडून कुणाच्या नावापुढचा गोल काळा केला नव्हता.

मर्टन काउंटी जिकडे झुकते तिकडेच बहुधा देश झुकतो, असं कुणीतरी कधीतरी छापलं आणि तेव्हापासून दर चार वर्षांनी शिकागोचे, न्यू यॉर्कचे वार्ताहर ऑर्डवेत येऊ लागले. ते आले की रोझेलच्या कॅफेत जात आणि रोझेल त्यांना खिडकीजवळच्या टेबलाशी नेई. "हा डेलमार. याला विचारा." डेलमार कॉफी ढवळत थोडा वेळ घ्यायचा, आढ्याकडे बघायचा आणि आकडा सांगायचा. शे-दीडशे मतांपलीकडे तो कधी चुकला नाही. सहा वर्तमानपत्रांत त्याचं नाव आलं होतं. एकदा तर जपानी वाहिनीवाले आले. त्यांनी त्याला रिकाम्या काट्यावर उभं करून त्याचं वजन केलं. निवृत्तीनंतरही तो रोज सकाळी सात वाजता त्याच टेबलाशी हजर असे.

मग धुलाई यंत्रांचा कारखाना बंद झाला. नऊशे माणसं घरी बसली. त्यानंतरच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेलमारनं नेहमीसारखं आढ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "डेमोक्रॅट. चारशे मतांनी. मला आवडो न आवडो, गणित हे असं आहे."

त्याच आठवड्यात काउंटीच्या छोट्या रेडिओ केंद्रावरच्या माणसानं, तास भरायला दुसरं काही सापडेना म्हणून, मेन स्ट्रीटवरच्या केशकर्तनालयाच्या मालकिणीला विचारलं. तिचं नाव ट्वायला ह्रुस्का. उत्तरेच्या झेकांपैकी, पन्नाशी ओलांडलेली, मोठ्या आवाजाची, मोठ्या हाडाची बाई. तिचा नवरा त्याच कारखान्यात होता. ट्वायला म्हणाली, "रिपब्लिकन. बाराशेनं." रेडिओवाला हसला. कॅफेतही सगळे हसले. डेलमार सगळ्यात जोरात हसला.

अकराशे चाळीस मतांनी रिपब्लिकन आले.

डेलमारचाच पक्ष जिंकला आणि डेलमार भरल्या ताटावरून उठून गेला. दुसऱ्या दिवशी कॅफेत त्याचा जुना मित्र ऑगी लिंडक्विस्ट म्हणाला, "काय रे, काटा बिघडला वाटतं तुझा?"

"उत्तरेच्या टाउनशिपनं दगा दिला," डेलमार म्हणाला. "सत्तर वर्षांत असं झालं नव्हतं."

"ट्वायलाला कसं कळलं मग?"

"तुक्का."

"बाराशे आणि अकराशे चाळीस. बरा लागला की तुक्का! डेलमार, तू केस कापायला तिच्याकडेच जात जा. कानामागे कापताना चार गोष्टी कानातही पडतील."

त्या दिवसापासून डेलमारच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. वार्ताहर आता रोझेलच्या कॅफेत फक्त खायला येत. खाऊन उठले की समोरच्या फुटपाथवर, ट्वायलाच्या दारात. डेलमार खिडकीतून बघत बसायचा. बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट असलेली गाडी तिच्या दारात लागली की त्याची कॉफी गार व्हायची. एकदा एका मासिकात तिचा पानभर फोटो आला, हातात कंगवा, मागे केस वाळवायच्या यंत्राखाली बसलेल्या तीन म्हाताऱ्या. रोझेलनं तो कापून गल्ल्याच्या वर चिकटवला. डेलमारनं त्या दिवसापासून पैसे टेबलावरच ठेवून जायला सुरुवात केली. गल्ल्याशी म्हणून तो जाईना.

सगळ्यात जास्त त्याला खुपायचं ते शुक्रवारी. दर शुक्रवारी दहा वाजता त्याची बायको कोरीन ट्वायलाकडे केस करायला जायची. बावीस वर्षांचा शिरस्ता. घरात जेमतेम चार वाक्यं बोलणारी कोरीन तिथे खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना त्याला काचेतून दिसायची. एका शुक्रवारी तो म्हणालाच, "ऑर्डवेत दुसरी कुणी केस करणारी नाही का?"

"आहे की," कोरीन गाडीची किल्ली उचलत म्हणाली. "पण ती ट्वायला नाही."

पुढच्या निवडणुकीचं वर्ष आलं, गव्हर्नरपदाचं. जूनमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीतही ट्वायलानं नाव बरोबर सांगितलं. डेलमारचं चुकलं. त्या रात्री त्यानं कोरीनशी अवाक्षर काढलं नाही, आणि सकाळी कॅफेत ऑगीनं तोंड उघडायच्या आत तो बोलून गेला, "तिला कळणारच. ती मतपत्रिका बघते."

गोष्ट साधी नव्हती. लुथरन चर्चच्या सभागृहात गावाचं मतदान होई आणि तिथल्या टेबलावर मतदारयादी घेऊन ट्वायला एकोणीस वर्षं बसत आली होती.

"बघते म्हणजे?" ऑगीनं विचारलं.

"म्हणजे बघते. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

डेलमारनं डोळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच. मत नोंदवल्यावर कागद स्वतःच यंत्रात सारायचा असतो. एका थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याचा कागद यंत्राच्या तोंडाशी अडकला, तेव्हा ट्वायला उठली आणि तिनं तो सरळ करून आत सारला. कागद पालथा होता. लिहिलेली बाजू तिला दिसणं शक्य नव्हतं, आणि हे डेलमारला ठाऊक होतं. पण तोंडातून शब्द सुटला होता आणि चार माणसं त्याचं, कितीतरी दिवसांनी, कान देऊन ऐकत होती. तो मागे हटला नाही. दुपारी त्यानं काउंटीच्या निवडणूक कचेरीला पत्र लिहिलं. 'श्रीमती ह्रुस्का मतदारांच्या मतपत्रिका हाताळतात व पाहतात, असे माझ्या निदर्शनास आले आहे.' खाली ठसठशीत सही केली.

कचेरीतल्या बाई सज्जन होत्या, पण लेखी तक्रार आल्यावर त्यांचाही इलाज नव्हता. चौकशी होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीपुरतं, ट्वायलाला टेबलावर बसता येणार नाही असं कळवण्यात आलं. ऑर्डवेत कुणी कुणाशी भांडलं नाही. तिथे भांडत नाहीत. "हं, असं का," म्हणतात आणि विषय बदलतात. पण ट्वायलाकडची गर्दी ओसरली. वाळवायच्या यंत्राखालच्या म्हाताऱ्या एक एक करून शेजारच्या गावी जाऊ लागल्या. तिथे कुणी त्यांचं मत बघत नव्हतं.

कोरीन मात्र शुक्रवार चुकवत नव्हती.

ऑक्टोबरमध्ये मोठ्या वर्तमानपत्राची एक वार्ताहर आली. हॅडली नावाची, तरुण, पायात चिखलाचे बूट घालून तयारीनं आलेली. ट्वायलानं तिला दारातूनच परत पाठवलं. मग रोझेलनं बोट दाखवलं ते खिडकीजवळच्या टेबलाकडे. डेलमारच्या अंगणात पुन्हा ऊन आलं. त्यानं हॅडलीला सरळ घरीच बोलावलं. कोरीननं भोपळ्याचं गोड सारण भरून पाई भाजली होती.

डेलमार दीड तास बोलला. झेक, डच, युनियनवाले, सगळ्यांचा इतिहास सांगितला. हॅडली लिहून घेत होती. शेवटी तिनं विचारलं, "आणि हे ज्यांचा नेम नाही म्हणता ते लुथरन? तेच निकाल ठरवतात ना? त्यांच्यापैकी कुणाशी बोलता येईल?"

"हवे तेवढे दाखवतो," डेलमार म्हणाला. "फक्त या घरात सापडायचे नाहीत. या घरात दोन मतं, आणि बेचाळीस वर्षं दोन्ही एकाच खोक्यात. काय गं कोरीन?"

कोरीन पाईचा तुकडा कापत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "तुम्हाला वर क्रीम घालू का?" तिनं हॅडलीला विचारलं.

हॅडलीनं डेलमारकडे बघितलं, मग कोरीनकडे, आणि वही मिटली. पोरगी हुशार होती. पाई खाऊन, आभार मानून ती उठली.

तिची गाडी वळणापलीकडे गेल्यावर डेलमार म्हणाला, "काय झालं तुला? नुसतं हो म्हणायला काय जात होतं?"

"खोटं झालं असतं."

"कसलं खोटं?"

"मी नाव बघून मत देते, डेलमार. कधी तुझ्यावाल्यांना, कधी त्यांना. तुझ्यावाल्यांनी गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद केला तेव्हापासून. सूनबाई सत्तर मैल गाडीत कळा सोसत गेली होती, आठवतं? तेव्हा मी पहिल्यांदा खोकं बदललं. पुढच्या वेळी परत इकडे आले. मागच्या वेळी कुठे होते ते सांगत नाही."

डेलमार खुर्चीत बसला. जन्मभर ज्या नेम नसलेल्या लुथरनांचा माग काढत तो काट्याच्या खिडकीतून मान बाहेर काढत होता, त्यातलीच एक इतकी वर्षं समोर बसून त्याला अंडी वाढत होती.

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस कधी. तू सांगायचास. 'आपण यंदा याला देतोय,' म्हणायचास आणि टोपी घालायचास."

मग त्याला ते सुचलं. "ट्वायलाला माहीत आहे?"

"आहे."

"तिला सांगितलंस!"

"सांगितलं नाही. ती मताचं कुणालाच विचारत नाही. झोप लागते का, सून बरी आहे का, या हिवाळ्यात कशाची धास्ती वाटते, असलं विचारते. त्यातून तिला कळतं. तिनं एकदा आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'तू पण बदललंस ना?' मी हो म्हटलं. बस."

डेलमारच्या अंगाची लाहीलाही झाली. बायको दुसऱ्या पुरुषाबरोबर दिसली असती तरी इतकी झाली नसती असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. पण रात्रभर कुशी बदलताना दुसरीच एक गोष्ट त्याला टोचत राहिली. कॅफेत सगळे त्याला टोमणे मारत होते, रेडिओवर ट्वायलाचं कौतुक चाललं होतं, त्यानं तिच्यावर लेखी आळ घेतला होता, आणि या सगळ्या काळात तिच्या हातात एक वाक्य होतं. 'डेलमारला स्वतःच्या बायकोचं मत माहीत नाही.' एवढं ती बोलली असती तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ती बोलली नाही.

सकाळी तो कॅफेत न जाता काउंटीच्या कचेरीत गेला आणि तक्रार मागे घेतो असं लिहून दिलं. कचेरीतल्या बाईंनी कागद दोनदा वाचला. "पाहिलं नव्हतंत?"

"नाही."

"मतदान अकरा दिवसांवर आलंय, डेलमार. तिच्या जागी मी दुसऱ्या गावची बाई नेमली, तिचं प्रशिक्षणही झालं. आता या वेळी काही करता येत नाही."

तिथून तो ट्वायलाच्या दुकानात गेला. चारही खुर्च्या रिकाम्या होत्या. ती फरशी झाडत होती, झाडण्यासारखं काही नसताना.

"केस कापायचेत?" तिनं वर न बघता विचारलं.

"नाही. मी तक्रार मागे घेतली."

"कुठे?"

"कचेरीत. लिहून दिलं."

"आळ कुठे घेतलास पहिल्यांदा?"

डेलमारनं डोक्यावरची टोपी काढली.

"रोझेलकडे घेतलास, भरल्या टेबलावर. आणि मागे घ्यायला गेलास ते दार बंद करून. पत्र पाहिलं मी तुझं. अक्षर छान आहे." तिनं झाडू भिंतीला टेकवला. तेव्हा कुठे तिनं त्याच्याकडे बघितलं. "एकोणीस वर्षं, डेलमार. माझा नवरा ट्रकवर असतो आठवडाभर. ते टेबल मला आवडायचं. सगळं गाव एका दिवसात डोळ्यांपुढून जायचं. तुला काय पाहिजे होतं माझ्याकडून? फोटो? घेऊन जा फोटो."

"मी जळत होतो तुझ्यावर," डेलमार म्हणाला. आपण हे बोललो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "तुझ्याशी लोक बोलतात. कोरीन बोलते."

"मग तू ऐकत जा तिचं. मी काय करू त्याला?"

"तिचं तू कुणाला सांगितलं नाहीस."

"ते तुझ्यासाठी नव्हतं," ट्वायला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कॅफे भरलेलं असताना डेलमार उभा राहिला. नेहमी बसून बोलणारा माणूस उभा राहिला म्हणून सगळे चमचे थांबले. तो म्हणाला, "ट्वायला ह्रुस्कानं कुणाची मतपत्रिका बघितली नाही. मी खोटं बोललो. तिचं बरोबर येत होतं आणि माझं येत नव्हतं, म्हणून." एवढंच. मग तो बसला. ऑगी कॉफीत बघत म्हणाला, "हं, असं का." रोझेलनं कप भरला, पण नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

मतदानाच्या दिवशी डेलमार आणि कोरीन चर्चच्या सभागृहात गेले तेव्हा रांग दाराबाहेर, वाहनतळापर्यंत आली होती. ऑर्डवेत इतकी रांग कुणी कधी पाहिली नव्हती. टेबलावर शेजारच्या गावची ती बाई होती. तिला गावातलं कुणी ओळखू येईना. प्रत्येकाला नाव विचारायची, मग एकेक अक्षर, मग यादीत बोट फिरवत शोधायची. सकाळी दूध काढून आलेली माणसं, कामावर जायची घाई असलेली माणसं, पायावर पाय बदलत उभी होती. कुणी काही बोललं नाही, पण जो तो एकदा तरी मान वळवून डेलमारकडे बघून घेत होता. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

त्यांच्या पुढे चार माणसं सोडून ट्वायला होती. तिची पाळी आली. टेबलामागची बाई म्हणाली, "नाव? अक्षरं सांगा."

ट्वायलानं अक्षरं सांगितली. बाईला ती ओळ सापडेना. "परत सांगा हं. पहिलं अक्षर काय म्हणालात?"

रांगेत कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. डेलमारच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ट्वायला वाकली, उलट्या बाजूनंच तिनं यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही मी. आणि पान डावीकडून धरा, लवकर सापडतं." बाईनं पान डावीकडून धरलं. रांग जरा भराभर सरकू लागली.

डेलमारला कागद मिळाला. बेचाळीस वर्षं तो आणि कोरीन शेजारशेजारच्या आडोशांत उभे राहायचे. आज कोरीन एका टोकाला गेली आणि तो मुद्दाम दुसऱ्या टोकाला गेला. त्यानं नेहमीचे गोल काळे केले. बदलावं असं त्याला वाटलं नाही. ज्या गोष्टीची त्याला लाज वाटत होती ती त्या कागदावर कुठे नव्हती. तो आडोशातून बाहेर आला तेव्हा कोरीन यंत्राशी होती, कागद छातीशी धरून. तिच्याकडे बघायला त्याची मान वळत होती. त्यानं ती भिंतीवर लावलेल्या, चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांच्या चित्रांकडे वळवली आणि यंत्राचा आवाज होईपर्यंत तिथेच ठेवली. मग स्वतःचा कागद आत सारला.

दाराशी हॅडली उभी होती. "मिस्टर व्हॉसबर्ग, काय वाटतं? मर्टन कुणाला?"

"ठाऊक नाही," डेलमार म्हणाला.

"पण अंदाज?"

"खरंच ठाऊक नाही, पोरी."

ती ट्वायलाकडे वळली. ट्वायलानं हात हलवून नकार दिला आणि ती तळघराच्या जिन्याकडे निघाली. तिथे चर्चच्या बायकांनी कॉफी आणि गोडाधोडाच्या वड्या मांडल्या होत्या. कोरीनही तिच्याबरोबर निघाली. जिन्यात ट्वायला काहीतरी म्हणाली आणि कोरीन हसली, तशीच, डोळे पुसत.

डेलमारच्या छातीत तेच जुनं काहीतरी चावलं. ते गेलं नव्हतं, जाईल असंही त्याला वाटलं नाही. तो थोडा वेळ टोपी फिरवत उभा राहिला. मग जिना उतरून खाली गेला, त्या दोघींच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि विचारलं, "कशावरून हसताय?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ट्वायला आपल्या कॉफीकडे वळली. कोरीननं बशी त्याच्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "सांगते."